पान एकशे त्रेसष्ट

सावद्याच्या या रायपनिंग चेंबरात बाराही महिने सोळा अंश.
बाहेर मे. बाहेर पत्र्यावर पंचेचाळीस.
आत नऊशे क्रेट हिरवी केळी, चार दिवसांनी पिवळी होणारी,
आणि जाड दाराबाहेरच्या केबिनीत मी,
दर तासाला आकडा वहीत उतरवणारा,
मधल्या एकोणसाठ मिनिटांचा मालक.

भुसावळला रद्दीच्या हातगाडीवर वीस रुपयांत मिळाली:
दूरयान, मालिकेवर आधारित कादंबरी.
कव्हरावर तेच यान, फक्त उलटं छापलेलं.
तेव्हाच कळायला हवं होतं.

रविवारी सकाळी नेहेत्यांच्या ओसरीत बावीस पोरं
आणि धाब्यावर अँटेना धरून एक.
तो बहुतेक वेळा मीच.
म्हणजे निम्मी मालिका मी नुसती ऐकली आहे,
खालून कुणीतरी ओरडायचं, हाललास, हाललास,
आणि मी सातपुड्याकडे तोंड करून
श्वास धरून उभा,
अवकाशात काय चाललंय त्याचा अंदाज घेत.

त्यातला हरकारे, यानाचा इंजिनियर,
एका भागात एकदाच बोलायचा: 'बघतो.'
पुस्तकात तो अडीच पानं कर्तव्यावर बोलतो.
कप्तान दर प्रकरणात खिडकीशी उभा राहतो
आणि दर वेळी तारे त्याच्या डोळ्यांत चमकतात.

सुभान तडवी क्रेट मोजता मोजता थांबला.
'आवडत नाही तं कायले वाचतो भो? सोडी दे ना.'
बरोबर आहे त्याचं.
करपा लागलेला घड आपण गाडीत भरत नाही,
वीस रुपये गेले तर गेले.
मी पुस्तक मिटलं.
खुणेला काट्याची पावती होती, तीही काढून घेतली.

पण समासात पेन्सिल आहे.
पान नऊपासून. बारीक, सरळ अक्षर,
तलाठ्याचं असावं, किंवा गणिताच्या मास्तरचं.
पहिल्या पानावर शहाद्याच्या कुठल्या वाचनालयाचा
जांभळा, अर्धा उडालेला शिक्का.
'चूक. शिड्या तीन होत्या.'
'हरकारे डावखुरा.'
'छे.'
पान अठ्ठ्याऐंशी: 'लेखकाने मालिका पाहिलेली नाही.'
मी मोठ्याने हसलो. पॅनेलवरचा लाल दिवा तेवढा साक्षीला.
शिड्या तीन होत्या हे मला माहीत नव्हतं.
शिड्या ऐकू येत नाहीत.

तर आता मी पुस्तक वाचत नाही, पेन्सिल वाचतो.

आणि पान एकशे त्रेसष्टवर:
'इथे बरं आहे.'

त्यानंतर काही नाही.
एकशे चौसष्ट कोरं. दोनशे कोरं. शेवटपर्यंत समास कोरे.
बऱ्या घासावर माणूस ताटावरून उठतो, तसा उठला?
की पुढे सगळंच बरं निघालं आणि हाताला काम उरलं नाही?
बदली झाली? टोक मोडलं?
की कंटाळला, आपल्यासारखाच, आणि जाता जाता
एक चांगला शब्द ठेवून गेला?

एकशे त्रेसष्टवर यानातली वीज जाते.
हरकारे टॉर्च लावत नाही.
भिंतीला कान लावतो
आणि कुठला पंप थकलाय ते आवाजावरून सांगतो.
बस. सहा ओळी.
मी त्या दोनदा वाचल्या.
आत कॉम्प्रेसर घरघरून पुन्हा लागला.
वही ओढली: सोळा पूर्णांक दोन. वेळ चुकली होती, सात मिनिटांनी.

पुढे पुन्हा तेच. खिडकी, तारे, डोळे.
एकशे एकाहत्तरवर हरकारे उजव्या हाताने पाना फिरवतो.

'जळगावची गाडी लागली,' सुभान म्हणाला.
'येतो,' म्हणालो, आणि खिसे चाचपले.
पेन्सिल नाही. क्रेटवर तारखा टाकायचा निळा मार्कर आहे.
त्यानेच समासात लिहिलं: डावखुरा.
शाई फुटली, एकशे बाहात्तरवर उतरली,
थोडी एकशे त्र्याहत्तरवरही.
आता डागाखाली काय होतं
ते बघावं लागणार.